गंजकी गाडी, तिचं नाव आणि माझी फजिती

डेपोतला फिटर
शनिवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. लेकीकडे कॅलिफोर्नियात आलोय, सहा महिन्यांचा मुक्काम. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली, त्यामुळे इथं कुणाकडे जेवायला गेलो तरी माझं अर्धं लक्ष दारातल्या गाडीकडे. जावईबापूंनी हे बरोबर हेरलं आणि आज मला प्लेझंटनच्या जत्रेच्या मैदानावर जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला घेऊन गेले.

चकचकीत गाड्यांपुढे माझं मन रमेना. एका कोपऱ्यात एक फोर्ड उभी होती. बॉनेट नाही, मडगार्ड नाहीत, चासी उघडी, अंगावर नुसता रेड ऑक्साइड, म्हणजे रंगाआधीचा तांबडा प्रायमर, आणि त्यातूनही गंज डोकावतोय. गिअरच्या दांड्याला मूठ म्हणून जुना पाइप पाना वेल्ड केलेला. मालक माझ्याच वयाचा, शेजारी घडीच्या खुर्चीत. मी म्हणालो, "व्हेरी नाइस हॉट रॉड." तो पोट धरून हसला. म्हणाला, हॉट रॉड नाही हो, रॅट रॉड!

उंदीर तर उंदीर. नवा शब्द खिशात टाकून पुढच्या रांगेत गेलो. तिथं तशीच एक फोर्ड, तशीच बिनबॉनेटची, तशीच बिनरंगाची, फक्त प्रायमर काळा. मालक फडक्यानं इंजिन पुसत होता. मी ताज्या ज्ञानाच्या जोरावर म्हणालो, "व्हेरी नाइस रॅट रॉड, सर." त्यानं फडकं खाली ठेवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. जावईबापू दंडाला धरून मला तिथून घेऊन गेले.

आता मला सांगा, या दोन गाड्यांत फरक काय? ही नावं पाडली कुणी? एवढं मात्र कळतं की नाव कुणी घेतलं यावर बरंच असतं. आम्ही डेपोत आपसात 'लाल डबा' म्हणायचो, त्यात माया होती. पण लक्झरीनं फिरणारा एखादा नाक मुरडून "तुमचा तो लाल डबा" म्हणाला की डोक्यात तिडीक जायची. तसलंच काही आहे का हे?


तिरकस
शनिवार, रात्री १०:०५

काका, माझ्या मते दोन्ही भंगार. पहिल्याला ते माहीत होतं, दुसऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. (दिवे घ्या.)


घिसाडी
रविवार, पहाटे ५:५०

फिटरकाका, पहिल्याच दिवशी मोहोळावर धोंडा मारलात! मी ओहायोत असतो, गॅरेजात १९३१ ची एक मॉडेल ए उघडून ठेवलेली आहे आणि बायकोच्या मते मी वाया गेलेलो आहे. तेव्हा सविस्तर लिहितो.

लॉस एंजेलिसच्या पलीकडे मोहावीच्या वाळवंटात आटलेली तळी आहेत. म्युरॉक, एल मिराज, रोझामंड. पाणी आटून तळ परातीसारखा सपाट आणि टणक झालेला. दुसऱ्या महायुद्धाआधी पोरं तिथं जुन्या फोर्ड घेऊन जायची. मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या घरात निघाली होती, त्यामुळे जुनी गाडी मातीमोलानं मिळायची. मडगार्ड काढ, पुढची काच काढ, बॉनेट काढ. वजन उतरलं की वेग वाढला. काका, तुम्हाला बॉनेट दिसलं नाही त्याचं मूळ या तळ्यात आहे. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली आणि घड्याळ लावून शर्यती सुरू झाल्या.

त्या काळी अशा गाडीला 'गाउ जॉब' म्हणत, आणि इंजिन तेज करण्याला 'हॉप अप' किंवा 'सूप अप'. आता गंमत बघा. 'गाउ' आणि 'हॉप' हे दोन्ही अफूसाठीचे बोलीतले शब्द. 'सूप' म्हणजे शर्यतीच्या घोड्याला पळण्यासाठी टोचायचं औषध. म्हणजे गाडीला नशापाणी करून पळवली, असा सगळा भाव.

अशाच गाडीसाठी 'हॉट रॉड' हा शब्द चाळीसच्या दशकात तोंडोतोंडी झाला. कोणी म्हणतं, 'हॉट रोडस्टर' झिजून झाला (रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची गाडी). कोणी म्हणतं, रॉड म्हणजे इंजिनातला कनेक्टिंग रॉड. हा वाद मिटलेला नाही आणि मिटवायची कुणाला घाईही नाही. पण युद्धानंतर वर्तमानपत्रांनी हा शब्द उचलला तो शिवी म्हणून. गल्लीत शर्यती लावणारा, अपघात करणारा टवाळ पोरगा म्हणजे हॉट रॉडर. तळ्यावर शिस्तीत घड्याळ लावणाऱ्यांना तो शब्द झोंबायचा. आणि अशा वेळी, जानेवारी १९४८ मध्ये, रॉबर्ट पीटरसन आणि रॉबर्ट लिंडसे यांनी मासिक काढलं आणि नाव ठेवलं 'हॉट रॉड'! लॉस एंजेलिसच्या शस्त्रागाराच्या इमारतीत गाड्यांचं प्रदर्शन होतं, तिथं पहिला अंक विकला. टायमिंग असोसिएशनचे वॅली पार्क्स पुढे त्याचे संपादक झाले आणि १९५१ मध्ये त्यांनी राष्ट्रीय पातळीवर नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी केली. शिवी संस्थेच्या पाटीवर गेली. तुमचा लाल डबा आठवतोय ना?

आता उंदीर. १९७० मध्ये नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशन निघाली. शर्यत नको, रस्त्यावर चालवायची, सहकुटुंब फिरायचं. गाडी १९४८ पर्यंतची असावी असा तेव्हा दंडक होता. ही रेघ उगाच नाही: १९४९ च्या फोर्डला वेगळे मडगार्डच राहिले नाहीत, सगळा पत्रा सलग झाला, म्हणून तिला 'शूबॉक्स' म्हणतात, बुटाचं खोकं. मग जसजसा पैसा आला तसतशा गाड्या गुळगुळीत झाल्या. एसी, मखमली सीट, घासून चमकवलेलं अ‍ॅल्युमिनियम, फिकट गुलाबी रंग. काही तर चालवतच नाहीत, ट्रेलरवर चढवून प्रदर्शनात आणतात. त्यांना 'ट्रेलर क्वीन' म्हणतात. (हा शब्द मला फार आवडतो. आपल्याकडेही पालखीतून उतरत नसलेली माणसं आहेत.)

रॅट रॉड ही त्या गुळगुळीतपणावरची चिडचिड आहे. रंग नको, पैसा नको, ट्रॅक्टरचा, विमानाचा, नळकामाचा जो भाग हाताला लागेल तो लाव आणि पळव. या शब्दाचं श्रेय बहुतेक जण 'हॉट रॉड' मासिकाच्या ग्रे बास्करव्हिल यांना देतात. काही जण एड रॉथ यांनी साठच्या दशकात काढलेल्या 'रॅट फिंक' या गलिच्छ उंदराशी नातं लावतात, काही जण बाइकवाल्यांच्या 'रॅट बाइक'शी. शेवरलेच्या मोठ्या व्ही-८ इंजिनाला 'रॅट' आणि छोट्याला 'माउस' म्हणतात, त्याचा मात्र इथं काही संबंध नाही. तो वेगळा उंदीर.

आता तुमचा काळ्या प्रायमरवाला का चिडला? त्याची गाडी, तुमच्या वर्णनावरून, जुन्या पद्धतीची हॉट रॉड असणार. ही मंडळी सोवळ्यातली. १९५० ची गाडी करायची ठरली की १९५० नंतरचा एक बोल्ट चालत नाही. कार्ब्युरेटर त्या सालचा, टायर त्या धाटणीचे, मीटर त्या काळातले. प्रायमर आहे तो आळसानं नव्हे, त्या काळी पोरांकडे रंगाला पैसे नसायचे म्हणून. त्यासाठी माणूस दहा वर्षं भंगारबाजार पालथे घालतो आणि तुम्ही येऊन म्हणालात, "छान, हाताला लागेल ते लावलंय!"


डेपोतला फिटर
रविवार, सकाळी ८:१५

अरे देवा. म्हणजे सोवळ्यातल्या माणसाला मी खानावळवाला म्हणालो.


पीयूसी संपलेला
रविवार, सकाळी ११:३०

घिसाडींचा प्रतिसाद वाचनीय, पण सगळी नावं शिवीतूनच आली असा सूर लागतोय तो मला पटत नाही. निम्मी नावं नियमांच्या पुस्तकातून नाहीतर नुसत्या दिसण्यातून आलेली आहेत.

'ड्यूस' घ्या. पत्त्यांतली दुर्री. १९३२ ची फोर्ड, सालातल्या शेवटच्या दोनावरून. सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-८ इंजिन आलं ते याच साली, ६५ अश्वशक्तीचं. म्हणून ही गाडी त्या जगातली पैठणी. यात शिवी कुठाय? 'टी-बकेट' म्हणजे मॉडेल टीची बादलीएवढी बॉडी. 'ट्राय-फाइव्ह' म्हणजे १९५५, ५६ आणि ५७ ची शेवरले. ही नुसती मोजणी झाली.

'गॅसर'ची गोष्ट तर पूर्ण कागदी. ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीत, पंपावरच्या साध्या पेट्रोलवर पळणाऱ्या गाड्यांचा वेगळा गट होता. अमेरिकेत पेट्रोल म्हणजे गॅस, म्हणून ते गॅसर. १९५७ ते १९६३ नॅशनल हॉट रॉड असोसिएशननं नायट्रोमिथेनसारख्या जहाल इंधनावर बंदीच घातली होती, त्यामुळे या पेट्रोलवाल्यांचे दिवस आले. गॅसर ओळखायची कशी? नाक वर. पुढचा भाग मुद्दाम उचललेला, कारण सुटताना वजन मागच्या चाकांवर पडलं तर पकड मिळते. तेव्हाचे टायर काही आजच्यासारखे चिकट नव्हते. १९४१ ची विलीज कूपे या कामाला लाडकी, कारण हलकी आणि आखूड. आता ही नाक वर केलेली ऐट लोक शर्यत न लावताही मिरवतात. नियम गेला, इंधनाचा गट गेला, नाक राहिलं.

'फनी कार' ऐका. १९६५ मध्ये क्रायस्लरनं आपल्या शर्यतीच्या काही डॉज आणि प्लिमथ गाड्यांची मागची चाकं १५ इंच आणि पुढची १० इंच पुढे सरकवली, पुन्हा तेच, मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून. गाडी अशी दिसायला लागली की जणू चालता चालता ठेच लागलीय. लोक म्हणाले, फनी दिसते. झालं नाव. आज त्या नावाचा अख्खा वर्ग आहे आणि त्यातली माणसं अजिबात हसत नाहीत.


तिरकस
रविवार, दुपारी १२:१०

"फनी दिसते" ही शिवी नाही तर काय ओवाळणी आहे?


पीयूसी संपलेला
रविवार, दुपारी १२:२२

बरं, अर्धी शिवी.


डेपोतला फिटर
रविवार, रात्री ८:५०

वाचतोय, शिकतोय. आणखी एक शंका. मेळाव्यात एक लांबलचक, बुटकी, जांभळी मर्क्युरी होती. छत इतकं खाली की आत बसणाऱ्यानं फेटा बांधू नये. लोक तिला 'लेड स्लेड' म्हणत होते. स्लेड म्हणजे बर्फावरची घसरगाडी, हे जावईबापूंनी सांगितलं. पण शिसं कुठून आलं? गाडी जड असते म्हणून?


घिसाडी
सोमवार, पहाटे ५:३५

काका, हे तुमच्या हातचं काम आहे, म्हणून नीट सांगतो.

हॉट रॉड पळण्यासाठी, कस्टम दिसण्यासाठी. कस्टमवाल्यांना गाडी एकसंध हवी, जणू एका लोण्याच्या गोळ्यातून काढलीय. त्यासाठी काय काय करायचे? छताचे खांब कापून छत खाली बसवायचं, ते 'चॉप'. बॉडीचा मधला आडवा पट्टाच कापून काढायचा, ते 'सेक्शन', यात भल्याभल्यांचा घाम निघतो. बॉडी चासीवर आणखी खाली उतरवायची, ते 'चॅनल'. दिवे पत्र्यात खोबणी करून आत बसवायचे, ते 'फ्रेंच', शर्टाच्या फ्रेंच कफसारखी कडा दिसते म्हणून, असं सांगतात. बॉनेटवरचं चिन्ह काढून भोकं बुजवायची ते 'नोज', डिकीवरचं काढायचं ते 'डेक'. दाराच्या मुठीसुद्धा काढून टाकायच्या. म्हणजे बघा, पहिलं काम काय, तर कंपनीचं नाव गाडीवरून उतरवायचं. नावांच्या एवढ्या धाग्यात हे लिहायला मला मजा येतेय.

आता एवढी भोकं आणि सांधे बुजवायचे कशानं? आजची पुट्टी तेव्हा नव्हती. शिसं आणि कथील यांचा मिश्रधातू वापरायचे, साधारण ७० टक्के शिसं, ३० टक्के कथील. या प्रमाणात गंमत अशी की तापवल्यावर तो एकदम पाणी होत नाही. मधे एक अवस्था येते, थिजत्या तुपासारखी, आणि त्या वेळात तो लाकडी थापीनं पत्र्यावर थापता येतो. थापी चिकटू नये म्हणून तिला चरबी किंवा मेण लावायचं. पण त्याआधी पत्रा स्वच्छ करून, फ्लक्स लावून, कथलाचा पातळ हात फिरवून फडक्यानं पुसून घ्यायचा, नाहीतर शिसं पत्र्याला धरतच नाही. काका, ही कुठली क्रिया आहे सांगा?

अशी शिसं भरलेली, जमिनीला टेकलेली, बर्फावर घसरल्यासारखी दिसणारी गाडी म्हणजे लेड स्लेड. १९४९ ते ५१ ची मर्क्युरी यासाठी सगळ्यांत लाडकी. हॉट रॉडवाले म्हणणार, शिशाची घसरगाडी, दिसते छान, पळतेय कुठं. तिरकस, तुमच्यासाठी आणखी एक शिवी मिळाली.

या कामातले नामवंत म्हणजे सॅम आणि जॉर्ज बॅरिस हे भाऊ. त्यांनी दुकानाच्या पाटीवर 'कस्टम' हा शब्द सी ऐवजी के नं लिहिला. शुद्धलेखनाची चूक जगभर पसरली आणि आज के नं लिहिलेलं कस्टम म्हणजे पन्नासच्या दशकातल्या धाटणीचं, असा अर्थच होऊन बसलाय. सी नं लिहिलं तर कुठलीही फेरफार केलेली गाडी, के नं लिहिलं तर घराणं. त्यांच्याच दुकानात १९५१ च्या मर्क्युरीची 'हिरोहाता मर्क' झाली, फिकट आणि गडद हिरव्या रंगांची. १९५९ मध्ये ती एका शाळकरी पोरानं ५०० डॉलरला घेतली होती. जानेवारी २०२२ मध्ये लिलावात सुमारे २१ लाख डॉलरला गेली. जॉर्ज बॅरिस यांचं दुसरं काम तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय: १९६६ ची टीव्हीवरची बॅटमोबील.


डेपोतला फिटर
सोमवार, सकाळी ७:०५

कल्हई! अहो, ही तर कल्हई!

भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, धूर निघाला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. लहानपणी दारात कल्हईवाला यायचा, त्याचा भाता मी फिरवायचो, मजुरी म्हणून एक वाटी चकचकीत करून मिळायची. चकाकी बघायला आत बोट घालायचो आणि भाजायचं. दरवर्षी.

शिशाचं काम झाल्यावर ते पॉलिश पेपरनं घासत नसतील ना? शिशाची धूळ छातीत गेली तर वाईट.


घिसाडी
सोमवार, सकाळी ७:१८

बरोबर पकडलंत. कानशीनं तासतात. कानशीचा कीस जाड पडतो, उडत नाही. अजूनही काही जुने लोक पुट्टीला हात लावत नाहीत, शिसंच भरतात.


पूर्वेकडची ताई
सोमवार, रात्री १०:२०

मी गेली अठरा वर्षं सॅन होजेला राहते आणि अजून लोरायडरबद्दल, म्हणजे मुद्दाम खाली बसवून संथ फिरवायच्या गाड्यांबद्दल, कुणी अवाक्षर काढलेलं नाही, म्हणून धाग्यात उडी घेतेय. गाडीतलं मला क्लचपलीकडे काही कळत नाही, पण ही गोष्ट माझ्या रस्त्यावरची आहे.

शहराच्या पूर्व भागात किंग आणि स्टोरी हे दोन रस्ते भेटतात. त्या चौकात मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबं पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या शेवरले घेऊन चालण्याच्या वेगानं फिरतात. आजोबा गाडी चालवतात, मागे नातवंडं. गाड्यांवर देवीची चित्रं, गुलाब, गेलेल्या माणसांचे चेहरे. त्यांचं ब्रीद स्पॅनिशमध्ये 'बाहितो इ सुआवेसितो', खाली-खाली आणि हळू-हळू. हॉट रॉडवाल्यांच्या अगदी उलट. ते म्हणतात पळव, हे म्हणतात दिसू दे. तीस-चाळीसच्या दशकांतल्या गोलमटोल शेवरलेंना ही मंडळी 'बॉम्बा' म्हणतात.

आणि इथं तर सरकारनंच हातभार लावला. आधी पोरं स्प्रिंगा कापून किंवा डिकीत वाळूची नाहीतर सिमेंटची पोती टाकून गाडी खाली बसवायची. कॅलिफोर्नियानं पन्नासच्या दशकाच्या शेवटी कायदा केला: गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. तेव्हा १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या तरुणानं आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला, बटण दाबलं, गाडी वर. पोलीस गेला, गाडी खाली! ज्या उड्या मारणाऱ्या गाड्या तुम्ही व्हिडिओंत बघता, त्यांचं मूळ कायद्याच्या पळवाटेत आहे. १९५८ ची इम्पाला त्यांना का आवडली, तर तिची चासी इंग्रजी एक्स अक्षरासारखी, बाजूला लोखंड कमी, त्यामुळे ती खूप खाली बसवता यायची.

पीयूसीदादा, 'लोरायडर' शिवी होती की नियम? मला वाटतं दोन्ही नाही. तो शब्द गाडीलाही लावतात आणि माणसालाही. "मी लोरायडर आहे" असं लोक म्हणतात, "माझ्याकडे आहे" असं नाही. जसं आपण म्हणतो, मी वारकरी. पण बाहेरचे लोक तोच शब्द गुंड या अर्थानं घ्यायचे, आणि शहरांनी चौकाचौकांत अशा संथ फेऱ्यांना बंदी केल्याच्या पाट्या लावल्या. 'लोरायडर' हे मासिक १९७७ मध्ये निघालं ते आमच्याच सॅन होजेतून. इथली बंदी २०२२ मध्ये उठली, आणि १ जानेवारी २०२४ पासून राज्यभरातल्या बंदीबरोबर तो रिमवाला नियमही गेला.

ज्या रविवारी मी पहिल्यांदा त्या चौकात अडकले, तेव्हा मीही मनात शिव्या घातल्या होत्या. पुढची गाडी हलेना. मग शेजारच्या जांभळ्या इम्पालातल्या आजींनी काच खाली करून माझ्या लेकाला फुगा दिला.


फिटरकाकांचा फॅन
सोमवार, रात्री १०:४१

ताई, प्रतिसाद आवडला. फुगा विशेष.


उत्तरायण
मंगळवार, दुपारी २:१५

स्वीडनमधून थोडी भर. इथं पंधरा वर्षांच्या पोराला कार चालवता येत नाही, पण ट्रॅक्टर येतो. मग जुनी व्हॉल्वो घ्यायची, मागचा भाग कापून छोटा हौदा करायचा, वेग ताशी ३० किलोमीटरवर बांधायचा आणि मागे मंदगतीचा लाल त्रिकोण लावायचा. झाला ट्रॅक्टर! याला 'एपा' म्हणतात. का, तर एपा नावाची स्वस्त मालाच्या दुकानांची साखळी होती. एपा म्हणजे हलका माल, हिणकस. ट्रॅक्टर घ्यायला पैसे नाहीत म्हणून गाडी कापून केलेला तो एपा-ट्रॅक्टर. कायदेशीर नाव आता 'ए-ट्रॅक्टर' आहे, दुकानं कधीच बंद झाली, पण गावातल्या पोरांना विचारा, एपाच म्हणतील, आणि छाती काढून म्हणतील.


नागोयाचा नाग्या
मंगळवार, संध्याकाळी ७:००

जपान राहिलं की. इथं बुटक्या गाडीला 'शाकोतान' म्हणतात, शब्दशः 'गाडीची उंची कमी'. सायलेन्सरचे नळे छताच्याही वर आभाळात गेलेले असतील तर ते 'ताकेयारी', बांबूचे भाले. ही सगळी 'बोसोझोकू' या बाइकवाल्या टोळ्यांच्या जमान्यातली देणगी. तो शब्द 'बेफाम पळणारी जमात' अशा अर्थाचा.

माझं आवडतं नाव 'इताशा'. कार्टूनमधल्या मुलींच्या चित्रांनी बरबटलेली गाडी. मूळ 'इताशा' म्हणजे इटालियन गाडी, फेरारी वगैरे, श्रीमंतांची. पण 'इताई' म्हणजे दुखणारं. तर ही बघवत नाही अशी, डोळ्यांना दुखणारी गाडी. मालकांनीच स्वतःला मारलेला टोमणा. बाहेरच्यानं हसण्याआधी आपणच हसून घ्यायचं.


तिरकस
मंगळवार, रात्री ९:३०

आता गंभीरपणे लिहितो, माझी ख्याती बुडाली तरी चालेल.

सगळ्याच शिव्यांचे दागिने होत नाहीत. अमेरिकेत जपानी गाडीला पंख, स्टिकर लावून फिरवणाऱ्यांना 'राइसर' म्हणतात, भात खाणाऱ्यांवरून. त्यात आशियाई माणसाला हिणवणं आहे. काही पोरं तो शब्द हसत मिरवतात, पण मला तिथल्या ऑफिसातल्या एकानं माझ्या होंडाकडे बघून तो ऐकवला, तेव्हा मला काही मिरवावंसं वाटलं नाही. मी भातच खातो, तरीही. फिटरकाकांचा लक्झरीवाला प्रवासी तो हाच.

आणि एपावरून आठवलं. आपला 'टेम्पो' काय आहे? हँबुर्गजवळच्या विडाल कंपनीचा छाप. त्यांची तीनचाकी हान्सेआट आपल्याकडे बजाज टेम्पोनं १९५८ पासून आणली. आता कंपनीचं नाव बदललं, ती तीनचाकी रस्त्यावरून गेली, तरी घरसामान हलवायला आपण 'टेम्पो'च सांगतो, मग दारात कुठल्याही कंपनीची गाडी येवो. आणि त्याच हान्सेआटची सहा आसनी झाली तेव्हा तिच्या लांब थोबाडामुळे लोक तिला 'डुक्कर' म्हणायचे. डुकरात बसून कॉलेजला गेलोय मी. रॅट रॉडवाल्यांना सांगा, उंदराचं कौतुक आम्हाला नको.


पीयूसी संपलेला
मंगळवार, रात्री ९:५२

डुक्कर +१. दार नसायचं, चौथा माणूस अर्धा बाहेर.

जाता जाता: हे वाचून कुणी इकडे घरी पत्रा कापायला बसू नका. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. आपल्याकडे रॅट रॉड केली तर पहिला उंदीर आरटीओच्या पिंजऱ्यात.


डेपोतला फिटर
रविवार, दुपारी १:१०

धागा वर काढतो, बातमी आहे.

आज सकाळी इथं कॉफीच्या दुकानापुढे गाड्या जमतात तिथं गेलो होतो. दोघेही भेटले. काळ्या प्रायमरवाल्यापाशी आधी गेलो. तोंडानं काही बोललो नाही, नुसतं इंजिनाकडे बोट करून विचारलं, "कार्ब्युरेटर, सेम इयर?" त्याचा चेहराच उघडला. मग पाऊण तास सोडेना. तीन कार्ब्युरेटर कुठून कुठून मिळवले ते सांगितलं, मला निम्मं कळलं, पण मिक्श्चर कसं जुळवतो ते हाताच्या खुणांनी पूर्ण कळलं.

मग उंदीरवाल्याकडे. त्याला एसटीबद्दल सांगितलं. मोबाइलवर जुनी लाल गाडी दाखवली, लोक तिला काय म्हणतात, आम्ही काय म्हणायचो, ते जावईबापूंनी इंग्रजीत समजावलं. त्यानं स्वतःच्या रेड ऑक्साइडकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि मांडीवर थाप मारली. म्हणतोय, हेच नाव दारावर रंगवून घेणार, आणि तुमच्या लिपीतच. मी कागदावर मोठ्या अक्षरांत 'लाल डबा' लिहून दिलंय.


पूर्वेकडची ताई
रविवार, दुपारी १:२५

काका!! फोटो हवाच. पण 'डबा' की 'डब्बा'? आमच्याकडे सगळे लाल डब्बाच म्हणतात.


पीयूसी संपलेला
रविवार, दुपारी १:३१

प्रमाण मराठीत डबा. जेवणाचा डबा, तसा लाल डबा.


तिरकस
रविवार, दुपारी १:३४

जेवणाचा डबा, पण एसटीचा डब्बा. खड्ड्यात आदळल्यावर तो जास्तीचा ब आपोआप येतो.


घिसाडी
रविवार, दुपारी १:५०

बॅरिसनी सी चा के केला तो जगाला चालला, आणि तुम्ही एका ब साठी अडता?


डेपोतला फिटर
रविवार, दुपारी २:०५

मंडळी, तो मंगळवारी पेंटरकडे जातोय. तोवर ठरवा.